माठातला स्पीकर

“गुरुजी, ह्याच्यातच काही व्हईल का नवंच घ्यावं लागंल?”

हे विचारणाऱ्याच्या काखेत बहुतेक वेळा एक जुना अॅम्प्लिफायर असतो, नाहीतर ‘होम थिएटर’ म्हणून घेतलेल्या संचातला एखादा डबा. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेलं, वसमतच्या हळदीच्या पट्ट्याला लागून असलेलं. संत नामदेवांचं नरसी याच हिंगोली जिल्ह्यात. इथे भजन, कीर्तन, सप्ताह यांतून कान आपोआप तयार होतात. पखवाजाची डावी बाजू उतरली आहे, हे शाळेचं तोंड न पाहिलेला माणूसही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगतो. अशा माणसाला घरी तोच पखवाज ऐकताना पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ऐकू आला, तर त्याला रुखरुख लागणारच. महागडा संच घेण्याची ऐपत नसते, म्हणून तो हा प्रश्न घेऊन येतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे: होतं, आणि पुष्कळ होतं. मात्र आपण जिथे पैसे घालायला निघतो तिथे सहसा नाही. जाड वायर, नवी आयसी, मोठा आकडा छापलेला अॅम्प्लिफायर यांनी थोडंच साधतं. खरी गोम स्पीकरची पेटी, विजेचा पुरवठा आणि ऐकायची खोली या तिघांत असते. हे प्रकरण त्या तिघांबद्दल आहे.

१. आधी तक्रार ओळखा

‘हाय-फाय’ म्हणजे मूळ आवाजाशी इमान राखणारं यंत्र. गाणाऱ्याचा गळा जसा असेल तसाच ऐकू यावा, यंत्राने त्यात आपलं काही मिसळू नये. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. पखवाजाची धूम खालच्या टोकाला, झांजेची किणकिण वरच्या टोकाला. स्वस्तातला संच ही दोन्ही टोकं खातो आणि मधला भाग फुगवून देतो.

“आवाज साफ नाही” या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. गाणं लावलेलं नसतानाही घूंऽऽ अशी गुणगुण येत असेल, तर दोष बहुधा पुरवठ्यात किंवा जोडणीत. आवाज वाढवला की फाटत असेल, तर अॅम्प्लिफायरचा दम संपतोय किंवा स्पीकरचा कागद उसवलाय. शब्द कळत नसतील आणि सगळं घुमत असेल, तर खोली. ठेका पोकळ लागत असेल, तर पेटी. डॉक्टर नाडी न बघता औषध देत नाही. आपणही स्क्रू उघडण्यापूर्वी एखादी ओळखीची ध्वनिमुद्रिका लावून दहा मिनिटं स्वस्थ बसून ऐकावं.

२. माठ काय करतो

आपल्याकडे गावोगाव एक जुगाड चालत आला आहे. स्पीकर माठाच्या तोंडावर उताणा बसवायचा आणि वायर काढून टेपला जोडायची. कुणी पुस्तक वाचून हे केलं नाही, पण त्यात ध्वनिशास्त्राचा पहिला धडा आहे. तो हाताने करून पाहण्यासारखा आहे.

सहा इंची सुटा स्पीकर घ्या. त्याला वायर जोडा, पखवाज असलेलं एखादं भजन लावा आणि स्पीकर नुसता हातात धरा. शब्द ऐकू येतील, झांजा ऐकू येतील, पण धूम जवळजवळ गायब असेल. बोटं कागदाच्या कडेला हलकेच लावली तर कळतं की कागद चांगला हलतो आहे. मग आवाज जातो कुठे?

स्पीकरचा कागद पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. समोरची दाबलेली हवा कडेवरून वळून मागच्या विरळ जागेत शिरते आणि हिशेब शून्य होतो. विहिरीवर मोट ओढताना मोटेलाच भोक असावं तसं हे आहे. श्रम होतात, पाणी पाटात पोचत नाही. झांजेच्या आवाजाची लाट काही सेंटिमीटरची असते, ती वळण्याआधीच निघून जाते. खर्जाची लाट काही मीटर लांब. ६० हर्ट्झची लाट जवळजवळ पावणेसहा मीटर भरते. तिच्यासाठी सहा इंची स्पीकरची कड म्हणजे काहीच नाही.

आता तोच स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवा. कड आणि माठ यांच्यामध्ये ओल्या फडक्याची वळी बसवा, म्हणजे फट राहणार नाही. भजन चालू असतानाच हे करा. स्पीकर टेकतो त्या क्षणी पखवाज खोलीत आल्यासारखा वाटतो. अॅम्प्लिफायर तोच, आवाजाचं बटणही तिथेच. फक्त मागची लाट माठात कोंडली गेली. हा बदल मी मुलांना अनेकदा दाखवला आहे, आणि दर वेळी कुणीतरी “बटण फिरवलं का?” म्हणून माझ्या हाताकडे बघतं.

माठात कोंडलेली हवा आणखी एक काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकला, तो स्प्रिंगसारखा परत येतो. कोंडलेली हवा ही अशी स्प्रिंगच असते. एडगर व्हिल्चर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये याच हवेच्या स्प्रिंगवर चालणारा एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. अर्थात माठ फार लहान असेल, तर स्प्रिंग फार कडक होते. कागदाला हलायला जागा उरत नाही, खर्ज खोल न जाता वरच अडकतो आणि ठोक्याचा ‘धम्म’ व्हायचा तो ‘डब’ होतो. म्हणून सहा इंची स्पीकरला पाणी प्यायच्या छोट्या गाडग्यापेक्षा दहा-बारा लिटरचा माठ बरा.

गोल आकाराचाही फायदा आहे. हॅरी ओल्सन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजून पाहिल्या. कडा-कोपरे असलेल्या पेटीवर आवाज कोपऱ्याशी अडखळतो, गोलावरून तो सर्वांत सुरळीत निसटतो असं त्यांना दिसलं. शिवाय भाजलेल्या मातीचं गोल कवच ताठ असतं, पातळ फळीसारखं स्वतः थरथरत नाही.

मग माठातला स्पीकर सर्वांत उत्तम म्हणायचा का? दोन उणिवा राहतात. रिकाम्या माठाच्या तोंडाशी फुंकर मारली की तो ‘हूंऽ’ करतो. हा त्याचा स्वतःचा सूर. गाण्यात तोच माठ आपला सूर मिसळतो. त्यावर उपाय म्हणजे आत पिंजलेला कापूस सैल भरणे. मराठवाड्यात त्याची वाण नाही. सरकी काढलेला, कोरडा कापूस घ्यावा, माठाच्या निम्म्यापर्यंत, दाबून नाही. कापसाच्या तंतूंतून जाताना हवेची घसट होते आणि घुमणं मरतं. दुसरी उणीव अशी की स्पीकर आढ्याकडे तोंड करून असतो. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे झांजा आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं वर निघून जातात. माठ चुंबळीवर ठेवून ऐकणाऱ्याकडे कलता करा, शब्द खुलतात. चुंबळीमुळे फरशीही थरथरत नाही.

३. पेटीवर टिचकी मारा

दुकानातल्या स्वस्त पेट्या भुशाच्या पातळ पाट्यांच्या असतात. कलिंगड घेताना टिचकी मारतो तशी पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने टिचकी मारा. ‘टक्’ असा आखूड आवाज आला तर पेटी ठीक. ‘डुबूक’ असा लांबणारा आवाज आला तर ती फळी प्रत्येक ठोक्याला आपला सूर लावते आहे.

उपाय सुताराकडचा आहे. पेटीच्या आत समोरासमोरच्या दोन फळ्यांना जोडणारी एक आडवी लाकडी पट्टी गोंदाने घट्ट बसवा. ती बरोबर मध्यावर नको, थोडी बाजूला हवी, म्हणजे फळीचे दोन असमान तुकडे होतात आणि दोघे एकाच सुरात थरथरत नाहीत. सांधे आतून लाकडाचा गोंद आणि भुसा कालवून बुजवा. फट कुठे आहे हे शोधायला खर्जाचं गाणं चालू ठेवून उदबत्ती कडेने फिरवा. धूर जिथे लचकतो तिथे फट. पुढे मुद्दाम ठेवलेलं नळीचं भोक असेल तर ते मात्र बुजवू नका. त्याची लांबी-रुंदी पेटीच्या हवेशी जुळवून ठेवलेली असते.

आत अस्तर म्हणून जुन्या रजईतला पिंजलेला कापूस चालतो. तो सुती फडक्यात शिवून मागच्या आणि वरच्या भिंतीला टाचा, सुटा ठेवला तर नळीतून बाहेर येतो. ज्या पेटीत अॅम्प्लिफायरही बसवलेला असतो तिच्यात कापूस घालू नका. तापलेल्या भागाला तो टेकला तर आग लागू शकते.

४. ट्विटरचा पहारेकरी

दोन स्पीकरच्या पेटीत मोठा वूफर खालचा आवाज काढतो आणि छोटा ट्विटर बारीक. खर्ज ट्विटरमध्ये शिरला तर त्याची केसासारखी तार जळते. म्हणून त्याच्या वाटेवर एक कंडेन्सर बसवलेला असतो. त्याचा गुण असा की बारीक आवाजाला वाट देतो आणि खर्जाला अडवतो. सीमा कुठे पडते हे कंडेन्सरच्या मापावर ठरतं. ८ ओहमच्या ट्विटरला २.२ मायक्रोफॅरड लावला तर ती ९,००० हर्ट्झच्या आसपास, ३.३ ला ६,००० आणि ४.७ ला सुमारे ४,२००.

स्वस्त पेटीत इथे इलेक्ट्रोलायटिक जातीचा कंडेन्सर असतो. तो वर्षागणिक सुकतो, माप बदलतं आणि झांज खरखरीत होते. त्याच मापाचा पॉलिप्रोपिलीनचा कंडेन्सर बसवला की काम झालं. आकाराने तो चांगला मोठा असतो, वायरचे पाय लांब ठेवून पेटीच्या फळीला चिकटवावा. माप वाढवण्याचा मोह टाळा. ४.७ लावल्यावर आवाज उजळ होतो खरा, पण ट्विटर त्याच्या ताकदीबाहेर खाली खेचला जातो आणि एखाद्या लग्नाच्या रात्री जळतो.

५. हजार वॅटचा हिशेब

खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं असतं. पीएमपीओ हा मोजमापाचा ठरलेला नियम नाही, क्षणभराच्या कल्पित शिखराचा आकडा आहे. खरा आकडा आपणच काढू शकतो.

आपल्याकडच्या अनेक घरगुती अॅम्प्लिफायरच्या पोटात ‘४४४०’ असते, म्हणजे सॅन्योने काढलेली एलए ४४४० ही आयसी. १२ व्होल्टवर स्पीकरला एका बाजूला फार तर ६ व्होल्टचा झोका मिळतो. सरासरी परिणाम धरायला त्याला १.४१ ने भागा, ४.२४ व्होल्ट आले. त्याचा वर्ग १८. स्पीकर ४ ओहमचा, म्हणून १८ भागिले ४ बरोबर साडेचार वॅट. प्रत्यक्षात या आयसीच्या माहितीपत्रात १३.२ व्होल्टला दोन्ही बाजूंना ६-६ वॅट दिलेले आहेत, आणि दोन्ही बाजू एकत्र जुंपल्या तर १९. हजार कुठेच नाहीत.

पण नाराज होऊ नका, कारण कानाचं गणित वेगळं आहे. डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो ‘जरासा मोठा’ वाटतो. ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. उलट स्पीकर निवडताना लक्ष दिलं तर हे फुकट मिळतं. एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हा आकडा चांगल्या स्पीकरवर दिलेला असतो. ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तो ६ डेसिबल जास्त देतो. म्हणजे तुमचा ६ वॅटचा अॅम्प्लिफायर २४ वॅटचा झाल्यासारखा. पैसे घालायचेच असतील तर मी वॅटमध्ये घालणार नाही, अशा स्पीकरमध्ये घालेन.

६. विजेची टाकी

भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. ट्रान्सफॉर्मर ती १२ व्होल्टवर आणतो, चार डायोड तिला एकाच दिशेला लावतात, आणि मग ती सेकंदाला १०० हिसक्यांनी येते. दोन हिसक्यांच्या मधल्या वेळात अॅम्प्लिफायरला जगवतो तो फिल्टरचा मोठा कंडेन्सर. गावात नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तरी घरात रोज पाणी असतं ते गच्चीवरच्या टाकीमुळे. कंडेन्सर ही विजेची टाकी.

टाकी किती मोठी हवी? ढोबळ हिशेब सोपा आहे. पखवाजाच्या ठोक्याला अॅम्प्लिफायर १ अँपिअर ओढतो असं धरा. दोन हिसक्यांमधलं अंतर सेकंदाचा शंभरावा भाग. कंडेन्सर २,२०० मायक्रोफॅरडचा असेल, तर तेवढ्या वेळात पुरवठा साडेचार व्होल्टने खाली बसतो. पुरवठा पंधरा व्होल्टचा असेल, तर त्याचे साडेदहा होतात. ऐन ठोक्याला पाय घसरल्यासारखं होतं आणि आवाज फाटतो. ४,७०० लावला तर घसरण २.१ व्होल्ट, १०,००० लावला तर १ व्होल्ट. २,२०० काढून ४,७०० लावणे हा मला सर्वांत समाधान देणारा बदल वाटतो. ठेका भक्कम होतो आणि गुणगुणही उतरते. त्यापुढे १०,००० च्या वर जाऊ नये. रिकामी मोठी टाकी बटण दाबताक्षणी एवढी वीज ओढते की लहान डायोड जळतात. तेव्हा डायोडही मोठे घालावे लागतात.

हा कंडेन्सर उष्णतेने मरतो, आणि मराठवाड्यात उष्णतेची काय कमी! ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. त्याच्या अंगावर ‘८५ अंश’ लिहिलेलं असेल आणि आयुष्य २,००० तास असेल, तर ८५ अंशांत रोज चार तास लावून तो ५०० दिवस टिकेल. ६५ अंशांत ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. तेवढ्याच तासांचा ‘१०५ अंश’वाला घेतला तर ६५ अंशांत ३२,००० तास. वैशाखात बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याखालच्या बंद खोक्यात ६५ ही काही कल्पना नाही. म्हणून १०५ अंशांचाच मागा, आणि अॅम्प्लिफायरवर टीव्हीचं कव्हर किंवा देवाचा फोटो ठेवून त्याची भोकं झाकू नका.

मेलेला कंडेन्सर ओळखू येतो. त्याची सपाट टोपी पुरीसारखी फुगते, कधी बुडाशी तपकिरी चिकट डाग दिसतो. बदलताना व्होल्ट मूळ आकड्याइतके किंवा जास्त, कमी कधीच नाही. आपल्या भागात यासाठी आणखी एक कारण आहे. दिवसा शेतीपंप चालू असताना वीज खाली बसते, आणि रात्री पंप बंद झाले की ती २३० च्या वर चढते. दुपारी तपासून ‘बरोबर आहे’ म्हटलेला पुरवठा मध्यरात्री दोन व्होल्ट वर असू शकतो. १५-१६ व्होल्टच्या पुरवठ्याला २५ व्होल्टचा कंडेन्सर हवा.

आणि उजवी-डावी बाजू. अंगावर उभा पट्टा असतो ती ऋण बाजू. माझ्याकडून घाईत एकदा उलटा लागला. बटण दाबल्यावर तीन-चार सेकंद काही झालं नाही, मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि टोपी उडून आढ्याला लागली. मी वाकलेलो होतो. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. तेव्हापासून पहिल्यांदा वीज देताना मी झाकण ठेवतो आणि दोन पावलं मागे उभा राहतो. तुम्हीही तसंच करा.

उघडण्यापूर्वीचा नियमही इथेच सांगतो, कारण गाठ जिवाशी आहे. पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाच मिनिटं थांबा, मग १,००० ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर कंडेन्सरच्या दोन पायांना चिमट्याने काही वेळ धरून उरलेली वीज रिकामी करा आणि मीटरने खात्री करा. ज्या संचात जड ट्रान्सफॉर्मर नसून हलका एसएमपीएस बोर्ड असतो, त्याच्या विजेच्या बाजूला हात लावू नका. तिथल्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्टपर्यंत साठा असतो. ते काम जाणकार मेकॅनिकचं.

७. गुणगुण आणि सांडपाणी

टाकी मोठी करूनही गुणगुण राहिली, तर जमिनीची तार तपासा. मोबाईलकडून येणारा नाजूक आवाज आणि स्पीकरकडून परतणारी जोरकस वीज, दोघांचा परतीचा रस्ता काळ्या तारेतून असतो. स्वस्त संचात दोघांना एकच बारीक तार दिलेली असते. पिण्याचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाटातून नेल्यासारखं हे झालं. प्रत्येकाची काळी तार वेगळी न्या आणि सगळ्या मोठ्या कंडेन्सरच्या ऋण पायाशी एकाच ठिकाणी डाख देऊन जोडा. येणाऱ्या आवाजाला जाळीची शील्ड वायर वापरा आणि ती ट्रान्सफॉर्मरपासून लांबून न्या. ट्रान्सफॉर्मरचे दोन स्क्रू सैल करून तो काटकोनात फिरवून बघा, कधी कधी तेवढ्यानेच गुणगुण निम्मी होते.

८. थोडक्यात आटपायच्या गोष्टी

वायर. ५ मीटर अंतरावर जाऊन-येऊन १० मीटर तार होते. १.५ चौरस मिलिमीटरची, घराच्या वायरिंगची साधी तांब्याची तार घेतली तर तिचा अडथळा ०.१२ ओहमच्या आसपास राहतो. ४ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. संचाबरोबर येणारी केसासारखी तार जरूर बदला, पण याहून महाग काही घेऊ नका.

आयसी. बास-ट्रेबलच्या बोर्डावर ४५५८ असेल तर तिच्या जागी ५५३२ बसते, पायांची मांडणी सारखीच. सुरसुर थोडी कमी होते. ज्याचा स्पीकर आणि खोली सुधारून झाली आहे त्यालाच हा फरक कळेल. बाजारात नकली आयसी आणि नकली कंडेन्सर पुष्कळ आहेत. त्याच मापाचा असून हाताला फारच हलका लागणारा मोठा कंडेन्सर परत करा.

९. गोधडीचं गणित

आता सर्वांत मोठा भाग, आणि तोच लोक विसरतात. तुमच्या कानात येणाऱ्या आवाजातला बराचसा स्पीकरमधून थेट येत नाही. तो भिंतींवर आपटून येतो.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्यांनी रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं, असं सुरू केलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. त्यातून एक साधं सूत्र निघालं: खोली जितकी मोठी तितका आवाज रेंगाळतो, आणि आवाज शोषणारी जागा जितकी जास्त तितका तो लवकर विरतो.

आपण गाद्यांऐवजी गोधड्या घेऊ. खोली १० बाय १२, उंची ९ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंतींना गिलावा. घनफळ १,०८० घनफूट. सूत्रात त्याला ०.०५ ने गुणायचं, ५४ आले. भिंती, फरशी, स्लॅब मिळून पृष्ठभाग ६३६ चौरस फूट. गुळगुळीत गिलावा जेमतेम चार टक्के आवाज शोषतो, म्हणजे सुमारे २५ चौरस फुटांइतकं शोषण. ५४ भागिले २५ बरोबर दोन सेकंदांहून थोडं जास्त. एक अक्षर दोन सेकंद रेंगाळतं, तोवर गाणारा सात-आठ अक्षरं पुढे गेलेला असतो. शब्द कळणार कसे?

आता ६ बाय ४ फुटांच्या चार जाड गोधड्या भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगा. एकीचं क्षेत्रफळ २४, चौघींचं ९६ चौरस फूट. जाड गोधडी मधल्या सुरांतला साधारण निम्मा आवाज शोषते असं धरा, ४८ झाले. पंचवीस अधिक ४८ बरोबर ७३. चोपन्न भागिले ७३ बरोबर पाऊण सेकंदाहूनही किंचित कमी. एक पैसा न खर्चता रेंगाळणं एक तृतीयांशावर आलं. एवढा फरक कुठल्याही आयसीने पडलेला मी पाहिलेला नाही.

गोधडी कुठे टांगायची? खुर्चीवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल ती जागा गोधडीची. गोधडी खर्ज मात्र शोषत नाही. त्यासाठी स्पीकरची जागा बदलावी लागते.

नामदेवांच्या कीर्तनासाठी नागनाथाचं देऊळ फिरलं, ही कथा औंढ्याच्या आसपास प्रत्येक घरात सांगितली जाते. आपल्याला फक्त स्पीकर फिरवायचा आहे. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो, आणि कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर त्याला आणखी चेव देतो. पेटी कोपऱ्यातून दोन फूट, मागच्या भिंतीपासून निदान एक फूट पुढे आणा. दोन पेट्या आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ट्विटर कानाच्या उंचीवर यावा. कपाटावर चढवलेल्या पेट्या खाली उतरवल्या की निम्मं काम होतं.

१०. सुधारलं हे कशावरून?

पैसे आणि श्रम घातले की कान आपल्या बाजूने साक्ष देतो. म्हणून एका वेळी एकच बदल करा. दोन संच जोडीने ऐकताना दोघांचा आवाज मोबाईलवरच्या ध्वनिमापकाने सारखा करून घ्या, कारण एका डेसिबलने मोठा असलेला संच हमखास ‘चांगला’ वाटतो. मग पाठ करून बसा, घरच्या कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा आणि दर वेळी चिठ्ठीवर ‘पहिला’ की ‘दुसरा’ लिहा. दहापैकी नऊ वेळा ओळखलं तर फरक खरा. पाच-सहा वेळा ओळखलं तर जुना भाग परत बसवला तरी चालेल.

ऐकायला पखवाज किंवा तबला निवडा. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईमुळे त्यांच्या कंपनांत तंतुवाद्यासारखी सुरेल साखळी तयार होते. साध्या ढोलात ती नसते. त्यामुळे या वाद्याला नुसता धक्का नसतो, सूर असतो, आणि यंत्राने तो बिघडवला तर लगेच उघडं पडतं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक लावलेली असते. चांगल्या संचावर तिचा ठोका उठतो आणि सुरात विरतो. वाईट संचावर तो उठतो आणि तिथेच मरतो. आवाज अगदी लहान ठेवूनही हा फरक कळला, तर पेटी, पुरवठा आणि खोली तिन्ही जुळून आली असं समजा.

झाकण लावण्यापूर्वी एक कागद घ्या. कोणता कंडेन्सर काढला, कोणता घातला, किती व्होल्टचा, कोणत्या तारखेला, कोणती तार कुठून कुठे नेली, एवढं पेनने लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. काही वर्षांनी कंडेन्सर पुन्हा सुकेल. तेव्हा तो डबा उघडणारा दुसराच कुणीतरी असेल, आणि त्याला पहिला स्क्रू काढताच कळेल की कुठून सुरुवात करायची.